चिपळूणचा पूर, धर्मग्रामातील स्वयंसेवक आणि मदतीच्या गाड्या परतल्यानंतरचे काम

वाडीकर_वसई (धागालेखक)

नमस्कार. जुलै २०२१ च्या महापुरानंतर वसईतील आमच्या धर्मग्रामाचा (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील ख्रिस्ती समाजाचा) स्वयंसेवकांचा गट चिपळूणला गेला आणि पुढे गणपतीपर्यंत पुन्हा पुन्हा जात राहिला. पावसाळा तोंडावर आला की निरनिराळ्या धर्मग्रामांतील तरुण मंडळी त्या कामाविषयी विचारतात, म्हणून तो अनुभव इथे सविस्तर मांडत आहे. माझे म्हणणे एकच आहे. पूर ओसरल्यावर पहिल्या आठवड्यात मदतीला तोटा नसतो. त्यानंतर, माणूस पुन्हा स्वतःच्या कमाईवर उभा राहीपर्यंतच्या महिन्यांत मात्र त्याच्याकडे फारसे कोणी फिरकत नाही. चर्चच्या गटासारख्या लहान, परंतु वर्षानुवर्षे एकत्र असलेल्या माणसांनी आपली ताकद या दुसऱ्या टप्प्यासाठी राखून ठेवली पाहिजे.

ज्यांना तो पूर आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. २२ जुलैच्या पहाटेपासून वाशिष्ठी आणि शिवनदी या दोन्ही नद्यांचे पाणी चिपळूण शहरात शिरले आणि बाजारपेठेच्या सखल भागात तळमजले बुडाले. २३ जुलैच्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. त्यावरून सह्याद्रीच्या माथ्यावर काय कोसळत होते याची कल्पना यावी. महाडला सावित्री नदीने वेढले होते, आणि त्याच तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. चिपळूणजवळ महामार्गावरील वाशिष्ठीच्या जुन्या पुलाचा भागही खचला होता.

त्या वेळी कोविडमुळे राज्यातील प्रार्थनास्थळे बंद होती. ती ७ ऑक्टोबर २०२१ रोजी उघडली. त्यामुळे चर्चमधील रविवारच्या मिस्सेनंतर (मुख्य प्रार्थनाविधीनंतर) आवाहन करून वर्गणी गोळा करण्याची नेहमीची वाट आम्हांला मोकळी नव्हती. वाडीवाडीतील छोट्या समूहांनी घरोघरी निरोप दिले आणि पैसे, फावडी, घमेली, गमबूट असे सगळे त्याच मार्गाने जमले. गटात वाडीतील शेतकरी होते, वाळीव-सातिवलीच्या कारखान्यांतील फिटर आणि वायरमन होते, एक परिचारिका होती आणि महाविद्यालयीन मुले होती. फादरांनी सुरुवातीलाच अटी सांगितल्या होत्या: लशीचे दोन्ही डोस झालेलेच येतील, आपले पिण्याचे पाणी, शिधा आणि अंथरूण-पांघरूण सोबत नेतील, आणि ज्या घरात काम करायचे त्या घरचा माणूस सांगेल तसेच करतील. या तिसऱ्या अटीचे महत्त्व तिथे गेल्यावरच पुरते पटले.

चिखल ओला असेपर्यंतच त्याचा बंदोबस्त होतो. एकदा वाळला की तो फरशीला आणि भिंतीला सिमेंटसारखा धरतो. काम मागच्या खोलीतून पुढच्या दाराकडे न्यावे लागते, आणि त्याआधी मोरीचे तोंड व बाहेरचे गटार मोकळे करावे लागते, नाहीतर धुतलेले पाणी पुन्हा घरातच तुंबते. मीटरपासून वीज बंद असल्याची खात्री वायरमनने केल्याशिवाय ओल्या भिंतीला हात लावायचा नाही, आणि गमबूट व हातमोज्यांशिवाय चिखलात उतरायचे नाही. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. पायावरची लहानशी जखमही त्याला पुरेशी असते. त्याच्या प्रतिबंधासाठी डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या कोणी घ्यायच्या आणि कशा, हे आमच्या परिचारिकेने डॉक्टरांना विचारून ठरवले होते.

फावडे मारणे त्या मानाने सोपे असते. खरे अवघड काम सामान बाहेर टाकण्याचे असते. बाहेरच्या माणसाला फुगलेले प्लायवूड, गाळाने भरलेली ट्रंक, चिकटलेल्या वह्या हा कचराच दिसतो. घरच्या माणसाला त्यात मुलीच्या लग्नाचे फोटो आणि घराचे खरेदीखत दिसत असते. म्हणून प्रत्येक वस्तू दारात आणून विचारायची, पंचनामा झालेला नसेल तर टाकण्याआधी तिचा फोटो काढायचा, आणि उत्तर मिळेपर्यंत थांबायचे, असा आमचा शिरस्ता होता. त्यात वेळ जातो आणि कामाचा वेग मंदावतो. तरीही त्याला पर्याय नाही, असे माझे ठाम मत आहे. एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी कागदपत्रांचा गठ्ठा पूर्ण भिजून एकजीव झाला होता. आमच्यातील एका मुलीने तो ओढून सुटा करण्याऐवजी थाळीतल्या स्वच्छ पाण्यात हलक्या हाताने धुतला, सुटतील तशा पानांमध्ये टिपकागद घातले आणि दर तासाला ते बदलत राहिली. बाई शेजारी बसून प्रत्येक कागद कशाचा आहे ते सांगत होत्या. संध्याकाळपर्यंत खरेदीखत आणि निवृत्तिवेतनाची कागदपत्रे वाचता येतील अशी सुटली.

दुसरे काम विहिरींचे होते, आणि त्यात वसईच्या वाड्यांतील शेतकऱ्यांचा हात धरणारे कोणी नव्हते. विहिरी, बावखले (वाडीतील लहान तळी) आणि पंप यांच्यावरच आमची बागायत पोसली गेली आहे. पुराने बाटलेली विहीर एका दमात पूर्ण उपसू नये, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. भोवतीची जमीन पाण्याने तुडुंब असताना आतले पाणी एकदम काढले तर बाहेरच्या दाबाने बांधकाम ढासळू शकते. थोडे उपसायचे, थांबायचे, गाळ काढायचा, आणि शेवटी ब्लिचिंग पावडर टाकून ठरलेला वेळ जाऊ द्यायचा, अशा क्रमाने ते काम चालले.

बाजारपेठ_चिपळूण

मी बाजारपेठेतील किराणा दुकानदार आहे. २००५ चा पूरही पाहिला होता, पण २०२१ च्या पाण्याने दुकानातील वरच्या फळ्यासुद्धा सोडल्या नाहीत. धागालेखकांच्या मुख्य मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे आणि गाववाला म्हणून त्यात काही भर घालू इच्छितो.

पहिल्या दिवसांत बाहेरगावचे लोक ज्या तळमळीने धावून आले ते आम्ही कधीही विसरणार नाही. इथल्या मुस्लिम तरुणांनी, मंडळांनी आणि होडीवाल्यांनी तर बाहेरची मदत पोहोचण्याआधीच माणसे काढली होती. परंतु पुढे जे आले त्याचे वाटप फार विषम झाले. महामार्गालगत राहणाऱ्याला पाण्याच्या बाटल्या, बिस्किटे आणि चादरी चार-चार वेळा मिळाल्या, आणि आतल्या वाड्यांना उशिरा मिळाल्या. जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पावसात भिजत पडले आणि नगरपालिकेच्या सफाई कामगारांना चिखलाबरोबर तेही उचलावे लागले. ज्या घरात सगळे भिजले आहे तिथे आलेला जुना झगझगीत शालू कोणाच्याही कामाचा नसतो. नवे टॉवेल, आतले कपडे, बायकांचे सॅनिटरी पॅड, खराटे, फिनेल आणि मेणबत्त्या मात्र कितीही आल्या तरी संपत होत्या.

पैशाचेही सांगतो. शासनाने कुटुंबामागे १०,००० रुपये सानुग्रह मदत जाहीर केली आणि दुकानदारांसाठी नुकसानीच्या ७५ टक्के, पण जास्तीत जास्त ५०,००० रुपये अशी मर्यादा ठेवली. मिळालेली मदत मोलाचीच होती. परंतु गणपतीच्या हंगामासाठी माल भरून ठेवलेल्या दुकानाचे नुकसान काही लाखांत जाते, आणि अनेकांच्या विम्यात पुराचे कलमच नव्हते. अशा वेळी ज्यांनी आम्हांला ‘तुमचे दुकान उघडायला काय लागेल?’ असे विचारले, त्यांची मदत खोलवर पोहोचली. वजनकाटा दुरुस्त करून देणारा एक गट होता. मला वाटते, तो आपलाच असावा.

एका गोष्टीचे दुःख अजून आहे. आमचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचे. २००५ मध्ये त्याचे नुकसान झाले होते आणि २०२१ मध्ये पुन्हा हजारो पुस्तके भिजली. कागद वाचवण्याची माहिती असलेली माणसे पहिल्या दोन-तीन दिवसांत पोहोचली तर किती वाचू शकते, हे त्या शिक्षिकाबाईंच्या उदाहरणावरून लक्षात यावे.

वाडीकर_वसई

होय, वजनकाटे आमच्याच गटाने नेले होते. आपल्या प्रतिसादाने एका महत्त्वाच्या विषयाकडे येता आले.

दुसऱ्या खेपेपासून आम्ही धान्य नेणे जवळजवळ थांबवले आणि जमलेली वर्गणी अवजारांकडे वळवली. याची सुरुवात एका पिठाच्या गिरणीपासून झाली. गिरणी चालवणाऱ्या काकांना शिधा मिळाला होता आणि घरही धुऊन झाले होते, पण मोटर पाण्यात बुडाल्यामुळे गिरणी बंद होती. आळीतील लोकांना रेशनचा गहू मिळत होता आणि दळायला जागा नव्हती. आमच्या फिटरने त्यांना आधी एवढेच विचारले की मोटर चालू करून पाहिली आहे का. पाहिली नव्हती, आणि तेच बरे झाले, कारण बुडालेली मोटर तशीच सुरू केली की आतली वाइंडिंग जळण्याची शक्यता मोठी असते. त्याने ती उघडली, गोड्या पाण्याने गाळ धुतला, बेअरिंग काढून टाकली, मोठे दिवे लावून तिला खोक्यात शेक दिला आणि मेगर हे मापकयंत्र लावून इन्सुलेशन तपासले. आकडा समाधानकारक येईना, तेव्हा पुन्हा शेक दिला. मग वॉर्निशचा हात, नवी बेअरिंग, आणि गिरणी फिरली. नवी मोटर घ्यावी लागली असती तर काकांना कर्ज काढावे लागले असते.

त्यानंतर आम्ही वसईतील रिवाइंडिंग करणाऱ्या कारागिरांची यादीच केली. ज्या मोटरी तिथे सुटत नव्हत्या त्या परतीच्या टेम्पोतून वसईला येत, आठवडाभरात तयार होत आणि पुढच्या खेपेला परत जात. शिलाई मशीन, मिक्सर, पाण्याचे पंप, वेल्डिंगचे ट्रान्सफॉर्मर, सलूनच्या खुर्च्यांचे हायड्रॉलिक अशा नाना वस्तू त्यात होत्या. प्रत्येकीला मालकाचे नाव लिहिलेला पत्र्याचा बिल्ला तारेने बांधलेला असे. चर्चच्या गटाकडे मोठ्या संस्थांइतका पैसा नसतो. पण एकाच धर्मग्रामात शंभर तऱ्हेचे कसब असते आणि ते फुकट मिळते.

सुलेखा_पुणे

लेख आणि प्रतिसाद मनापासून आवडले. एक प्रश्न आदरपूर्वक विचारते. धार्मिक संस्थेचा गट मदतीला आला की त्यामागे धर्मप्रसाराचा हेतू असेल, अशी शंका अनेकांच्या मनात येते. आपल्याला तसा अनुभव आला का, आणि आपण त्याला कसे सामोरे गेलात?

वाडीकर_वसई

प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर स्पष्टच दिले पाहिजे. एका आळीत आम्हांला थेट विचारले गेले होते की तुम्ही कोण आणि कशासाठी आलात. आम्ही चर्चमधून आलो आहोत हे कधीही लपवले नाही, कारण लपवाछपवीनेच संशय वाढतो. आमचे नियम साधे होते. गाडीवर फलक नाही, पत्रके नाहीत, कामाच्या जागी सामूहिक प्रार्थना नाही; आमची सकाळची प्रार्थना आम्ही मुक्कामाच्या शाळेतच, काम सुरू होण्याआधी करत असू. मदत घेणाऱ्याचा हातात वस्तू धरलेला फोटो काढायचा नाही. घर निवडताना जात-धर्म विचारायचा नाही; यादी आळीतील लोकांनीच बसून करायची, आणि एकटी राहणारी वृद्ध माणसे व लहान मुलांची घरे तीत आधी घ्यायची.

हे काही आमचे नवे संशोधन नव्हे. रेड क्रॉस आणि स्वयंसेवी संस्थांनी १९९४ मध्ये आपत्तीतील मदतीसाठी आचारसंहिता मान्य केली, तिच्यात मदतीचा वापर राजकीय किंवा धार्मिक भूमिका पुढे रेटण्यासाठी होणार नाही असे स्पष्ट म्हटले आहे. आणि ती पुरस्कृत करणाऱ्यांत कॅथलिक चर्चची कारितास इंटरनॅशनालिस ही संस्था आणि जागतिक चर्च परिषदही होती. आमच्या प्रत्येक नव्या स्वयंसेवकाला निघण्याच्या आदल्या संध्याकाळी ती मराठीत समजावून सांगितली जात असे.

पण नियमांपेक्षा पुढचा प्रसंग अधिक बोलका आहे. त्या वर्षी १० सप्टेंबरला गणेशचतुर्थी होती. कोकणात घर कितीही मोडलेले असले तरी गणपती येणारच, आणि तो ओलसर, चिखलाने डागाळलेल्या भिंतीसमोर बसवायचा ही कल्पना लोकांना सहन होत नव्हती. ऑगस्टच्या अखेरीस आम्हांला सर्वांत जास्त मागणी कशाची आली असेल, तर पुढच्या खोलीला रंग देण्याची. जांभ्या चिऱ्याच्या भिंती पाणी धरून ठेवतात आणि पावसाळी हवेत सुकत नाहीत. त्यांवर प्लास्टिक पेंट मारला तर तो पापुद्र्यांनी सुटतो. म्हणून आम्ही चुनाच दिला, आणि वायरमनने मखराजवळच्या एका दिव्यापुरती का होईना, सुरक्षित नवी वायर ओढून दिली. आमची मुले त्या भिंतींना चुना देत असताना श्रावण चालू होता, म्हणून मुक्कामात एकत्र जेवणाच्या वेळी आम्ही शाकाहारीच स्वयंपाक ठेवला. त्यानंतर आम्हांला ‘कशासाठी आलात’ असे कोणी विचारले नाही. आम्ही आमच्या श्रद्धेपोटीच गेलो होतो. समोरच्या माणसाला त्याच्या श्रद्धेप्रमाणे सण करता यावा, यासाठी राबणे हा त्याच श्रद्धेचा भाग आहे असे मी मानतो.

कृष्णाकाठ

मिरजेहून लिहीत आहे. कोकणचा पूर आणि आमच्याकडचा पूर यांत एक मोठा फरक आहे, तो बाहेरून येणाऱ्या गटांनी लक्षात घ्यावा. चिपळूणचे पाणी झपाट्याने चढले आणि तुलनेने लवकर उतरले. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. आणि नदीकाठच्या गावांत पाणी कितीतरी दिवस हटले नाही. इतके दिवस भिजलेल्या मातीच्या भिंती पाणी असताना उभ्या राहतात आणि ऊन पडून सुकू लागल्या की कोसळतात. म्हणून पाणी उतरताच स्वयंसेवकांना मातीच्या घरात झाडायला पाठवणे धोक्याचे आहे. आधी बांधकाम जाणणाऱ्या माणसाने भिंत पाहिली पाहिजे.

आमच्या भागात चर्चच्या लोकांना ओळख करून द्यावी लागली नाही. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये उभारलेल्या मिशन हॉस्पिटलमध्ये इथल्या घराघरातील कोणी ना कोणी उपचार घेतले आहेत. शेजारच्या गावातील भाऊ-वहिनी आपल्या घरी राहायला यावेत तशी पूरग्रस्त कुटुंबे चर्चच्या सभागृहात राहिली. महिला मंडळाच्या ताईंनी भाकरीचा रतीब लावला, आणि बाहेरून आलेल्या जुन्या साड्यांचा ढीग टाकून न देता त्यांच्या वाकळी शिवल्या. शिवणाऱ्यांत पूरग्रस्त बायकाच अधिक होत्या. हाताला काम मिळाल्यावर त्या बोलू लागल्या, हे मी स्वतः पाहिले. जनावरांच्या चाऱ्याची सोय मात्र बहुतेक शहरी गट विसरतात. ज्याच्या गोठ्यात म्हैस उपाशी आहे तो शेतकरी छावणीत शांतपणे जेवू शकत नाही.

लुईझियानाचा_मराठी

मी अमेरिकेत लुईझियाना राज्यात राहतो. कतरिना वादळ २९ ऑगस्ट २००५ रोजी धडकले आणि बंधारे फुटून न्यू ऑर्लिन्सचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. तिथल्या पुनर्वसनात चर्चच्या गटांनी अनेक वर्षे काम केले. बुरशी चढलेल्या घरांतील आतल्या भिंतींचे तक्ते लाकडी सांगाड्यापर्यंत उखडून काढणे हे त्यांचे मुख्य काम होते, आणि ते चर्चच्या सभागृहांत खाटा टाकून राहत. मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाची आपत्ती सेवा १९५० पासून याच प्रकारचे काम करते.

तिथली एक पद्धत आपल्याकडे आणण्यासारखी आहे. वस्तीतील सर्व गट ठरावीक दिवशी एका टेबलाभोवती बसतात. एक कार्यकर्ता अडलेल्या कुटुंबाची अडचण मांडतो, नाव न घेता. एक गट सांगतो की आम्ही सामानाचे पैसे देतो, दुसरा म्हणतो आमचे सुतार येतील, तिसरा त्यांच्या जेवणाची सोय पत्करतो. त्यामुळे एका घराला तीनदा मदत आणि शेजारच्याला काहीच नाही, असे सहसा घडत नाही. बाजारपेठ_चिपळूण यांनी सांगितलेली महामार्गालगतची अडचण याच मार्गाने सुटू शकेल.

बाजारपेठ_चिपळूण

ही सूचना फार उपयुक्त आहे. आमच्याकडे पुरानंतर नद्यांतील गाळ काढावा म्हणून नागरिक एकत्र आले, उपोषणाला बसले, आणि पुढे शासनाबरोबर नाम फाउंडेशननेही गाळ काढण्याचे काम हाती घेतले. एकत्र बसण्याची सवय आता लागली आहे. मदतीच्या वाटपासाठीही तसेच बसता येईल.

नवा_स्वयंसेवक

आमच्या धर्मग्रामातील युवकांना असा गट बांधायचा आहे. आपत्ती येण्याआधी आम्ही नेमके काय करून ठेवावे?

वाडीकर_वसई

सर्वप्रथम माणसांची यादी करा, आणि तीत पदापेक्षा कसब लिहा: वायरमन, गवंडी, प्लंबर, मोटर बांधणारा, परिचारिका, अर्ज नीट भरून देणारा, मोठ्या पातेल्यात स्वयंपाक करू शकणारी मावशी. अर्ज भरणाऱ्याला कमी लेखू नका. पंचनाम्यात नाव सुटलेल्या कुटुंबाबरोबर तलाठी कार्यालयात जाऊन बसणारा माणूस कित्येकदा फावडे मारणाऱ्यापेक्षा जास्त मिळवून देतो. गमबूट, हातमोजे, डिझेल पंप आणि त्याचा पाइप हे एका ठिकाणी ठेवा आणि पंप महिन्यातून एकदा चालवून पाहा. सर्वांना धनुर्वाताची लस देऊन घ्या.

त्यानंतर पूर येऊ शकतो अशा एखाद्या गावातील दोन-तीन माणसांशी आत्ताच ओळख करून घ्या. ती त्याच गावची, सर्व थरांत वावरणारी असावीत. शक्य असेल तर निरनिराळ्या धर्मांची असावीत. आपत्ती आली की त्यांना फोन करून विचारा, आणि ती ‘अजून येऊ नका’ म्हणाली तर थांबा. जमलेल्या पैशांतील निम्मे तरी पहिल्या महिन्यानंतरच्या कामासाठी बाजूला ठेवण्याचा ठराव वर्गणी मागण्याआधीच करा आणि देणाऱ्यांना तो सांगा, म्हणजे पुढे कोणी ‘पैसे अजून का वापरले नाहीत’ असे विचारणार नाही. हिशेब चर्चच्या फलकावर लावा आणि त्याची प्रत त्या गावातील माणसांनाही पाठवा.

बाजारपेठ_चिपळूण, आपली हरकत नसेल तर एकत्र बसण्याच्या त्या कल्पनेसाठी पावसाळ्याआधीच्या एखाद्या रविवारी आमच्यातील चार जण तिकडे येतील. मिरजेहून कोणी येऊ शकले तर मातीच्या भिंती कशा तपासायच्या तेही शिकून घेता येईल. दिवस आपण कळवावा.